वाकड्या लाकडाचा हिशेब

संगणकाच्या पडद्यावर दोन लाकडं एकाच जागी राहू शकतात. इमारतीचं आरेखन करणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, छपराचा एक तिरका वासा काढा, खाली एक आडवी तुळई काढा आणि वाशाचा पाय तुळईत सरकवून द्या. काही मोडत नाही, काही अडत नाही. वासा तुळईच्या पोटातून आरपार जातो आणि तरी दोन्ही लाकडं अखंड राहतात. लांबून पाहिलं तर चित्र बरोबर दिसतं, कैची तयार झाली असंच वाटतं.

खऱ्या लाकडाला हे जमत नाही. एका जागेत एकच लाकूड मावतं. म्हणून दोन लाकडं जिथे भेटतात तिथे कुणाला तरी ठरवावं लागतं, की कुणी किती जागा सोडायची, कुठल्या कोनात सोडायची आणि सोडून झाल्यावर दोघांनी एकमेकांना धरून कसं राहायचं. सांधा म्हणजे हा निर्णय. कैचीचा त्रिकोण सॉफ्टवेअरमध्ये मिनिटभरात काढून होतो. पुढचे तास, कधी दिवस, जातात ते या निर्णयांत. आणि त्यांचा माग काढत गेलं की आपण बघता बघता आठशे वर्षं मागे जाऊन पोहोचतो, हे मला या विषयातलं सगळ्यांत विलक्षण वाटतं.

कैची आपल्या ओळखीची आहे. कौलारू छपराच्या एखाद्या जुन्या शाळेत किंवा गोदामात मान वर केली की दिसते: दोन बाजूंनी चढत जाऊन आढ्याशी भेटणारे जाड वासे, त्यांचे पाय बांधून ठेवणारी आडवी तुळई आणि मधोमध एक उभा खांब. हा मधला खांब नीट बघण्यासारखा आहे. तो तुळईवर उभा आहे आणि आढ्याला टेकू देतोय, असं डोळ्यांना दिसतं. घडत असतं नेमकं उलटं. छपराचं वजन वाशांमधून खाली उतरतं, वासे पाय फाकवू पाहतात, तुळई त्यांना ओढून धरते. आणि ती लांबलचक तुळई स्वतःच्याच वजनाने मध्ये झोळ खाऊ लागते तेव्हा हा खांब तिला वरून उचलून धरतो. तो आढ्यापासून लटकलेला असतो. त्याच्या अंगात दाब नसतो, ताण असतो. म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे सुटून येऊ नयेत असे करावे लागतात, नुसते टेकवून भागत नाही.

सॉफ्टवेअरला मात्र सांगितल्याशिवाय यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी सगळी लाकडं सारखीच: एक अक्षरेषा, त्या रेषेभोवती एक छेद आणि तो छेद किती अंश फिरवायचा तो कोन. भार मोजणारा अभियंता तर आणखी पुढे जातो. तो केवळ रेषा घेतो आणि रेषा जिथे मिळतात तिथे एक बिंदू मांडतो. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. त्या बिंदूपाशी किती बळ येतंय हे त्याचं गणित चोख सांगतं. पण सुताराला त्या बिंदूत पटाशी घालायची असते. अभियंत्याच्या बिंदूपासून सुताराच्या सांध्यापर्यंत पोहोचणं, हेच या मॉडेलिंगमधलं खरं काम.

वाशाचा पाय तुळईवर टेकतो तो सांधा जवळून पाहू. वासा तिरका खाली येतो आणि तुळईच्या टोकाकडे रेटा देतो. नुसता टेकवला तर घसरेल. म्हणून तुळईच्या वरच्या अंगात एक तिरकी खाच घ्यायची आणि वाशाचा पाय तिच्यात रुतवायचा. आता खाचेची पुढची भिंत, जिच्यावर वाशाचा सगळा रेटा येणार, ती किती कलती ठेवायची? सुतारांचा जुना नियम असा: वासा आणि तुळई यांच्यातला जो मोठा, विशाल कोन असतो, त्याचे बरोबर दोन भाग करणारी रेषा म्हणजे ती भिंत. वासा ४० अंशांनी चढत असेल तर विशाल कोन १४० अंशांचा, म्हणून भिंत तुळईशी ७० अंशांवर.

या नियमामागे लाकडाचा स्वभाव आहे. तंतूंच्या दिशेने दाबलं तर लाकूड खूप सोसतं. तंतूंना आडवं दाबलं तर चटकन दबतं. युरोपात घरबांधणीला सर्रास वापरतात त्या सी-२४ प्रतीच्या मऊ लाकडाचे मानकातले आकडे पाहा. तंतूंच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरला २१ न्यूटन, आडव्या दिशेने फक्त २.५. आठपटींहून जास्त फरक. खाचेची भिंत तुळईशी काटकोनात ठेवली तर तुळईची सोय होते आणि वाशाच्या तंतूंवर दाब फार तिरका येतो. वाशाशी काटकोनात ठेवली तर वाशाची सोय आणि तुळईची गैरसोय. कोन दुभागला की दोघांच्या तंतूंवर दाब सारख्याच तिरकेपणाने येतो, या उदाहरणात २० अंशांनी. लाकडाच्या बळाची अशी मानक कोष्टकं विसाव्या शतकातली. नियम त्याहून कितीतरी जुना. कुणीतरी वासे आणि तुळया दबताना, फाटताना पाहिल्या असणार आणि त्यातून ही रेषा सापडली असणार.

खोलीचाही प्रश्न आहे. खाच खोल घेतली की तुळई कमजोर होते, उथळ घेतली की वासा निसटतो. जर्मन सुतारकामात वाशाचा चढ ५० अंशांपर्यंत असेल तर खाच तुळईच्या उंचीच्या पाव भागापेक्षा खोल घ्यायची नाही, असा दंडक आहे. शिवाय खाचेपुढे तुळईचं टोक पुरेसं लांब सोडावं लागतं. तिथे कंजुषी केली तर वासा रेटता रेटता ते टोकच तंतूंच्या रेषेत सोलून बाहेर काढतो.

आता हे सगळं सॉफ्टवेअरला कसं सांगायचं? सोपा मार्ग वजाबाकीचा. वासा तुळईत घुसवायचा आणि म्हणायचं, वाशाने व्यापलेली जागा तुळईतून वजा कर. दोन घनाकृतींची ही वजाबाकी चांगलं सॉफ्टवेअर क्षणात करतं आणि तुळईत भोक पडतं. पण ते भोक मुकं असतं. ते कशासाठी आहे, दाब कुठल्या भिंतीवर येतो, पुढे टोक किती उरलंय, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. दुसरा मार्ग असा की सांध्यालाच मॉडेलमध्ये एक वस्तू म्हणून जागा द्यायची: ही तुळई, हा वासा, यांच्यात दुभागल्या कोनाची खाच, खोली तुळईच्या उंचीच्या एक पंचमांश, आणि मधोमध ४० मिलिमीटर जाडीची कूस, म्हणजे वाशाच्या टोकाला कोरून ठेवलेली जीभ, जी तुळईतल्या तेवढ्याच भोकात जाऊन बसेल. एकदा असं सांगून ठेवलं की छपराचा चढ ४० वरून ३५ अंशांवर आणताच खाचेची भिंत आपसूक ७२.५ अंशांवर जाते. तुळई जाड केली की खाच खोल होते. आकार कुणी पुन्हा काढत नाही. दोन लाकडांमधलं नातं तेवढं साठवलेलं असतं आणि आकार त्यातून दर वेळी नव्याने निघतो.

स्वित्झर्लंडचं कॅडवर्क किंवा जर्मनीचं सेमा ही खास लाकूडकामासाठी घडलेली सॉफ्टवेअर ही समज घेऊनच जन्माला आली. रेव्हिट किंवा आर्चीकॅडसारख्या सर्वसाधारण इमारतींच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीत खिडकी बसवली की भिंत स्वतःहून वाट करून देते. लाकडाच्या सांध्याशी गाठ पडली की मात्र बरंच काही हाताने शिकवावं लागतं. पुण्यातल्या कितीतरी कार्यालयांत परदेशातल्या इमारतींची मॉडेलं रोज तयार होतात. तिथल्या ज्या मुलामुलींनी कधी पटाशी हातात धरलेली नाही, त्यांच्याकडे असं छप्पर आलं की त्यांनाही लाकडाचे तंतू कुठून कुठे धावतात याचा विचार करावा लागतो. मला ही फार चांगली गोष्ट वाटते.

दुपाखी छपरात निदान सगळं एका पातळीत घडतं. कैची समोरून काढली की तिचे सगळे कोन दिसतात. चौपाखी छपराला हात घातला की हे सुख संपतं. कोपऱ्यातून तिरका वर जाणारा कोनवासा आठवा. समजा चारही पाखी बरोबर ४५ अंशांच्या चढाची आहेत आणि घराचा कोपरा काटकोनी आहे. कोनवाशाचा चढ किती? ४५ म्हणावंसं वाटतं. येतो ३५.२६ अंश, कारण तेवढीच उंची गाठायला त्याला कर्णाची लांब वाट चालावी लागते. दोन्ही पाखी त्याच्यावर नीट टेकावीत म्हणून त्याची पाठ दोन्ही अंगांनी तासावी लागते, ती किती? प्रत्येक बाजूला ३० अंश. आणि त्याला येऊन भिडणारे आखूड वासे पाख्याच्या पातळीत त्याच्याशी जो कोन करतात तो पुन्हा ३५.२६. साध्या ४५ अंशांच्या पोटातून हे आकडे निघतात, आणि यातला एकही आकडा ना वरून काढलेल्या नकाशात खरा दिसतो, ना समोरून काढलेल्या चित्रात.

मग संगणक नव्हता तेव्हा सुतार हे कसं काढत? फ्रान्समधल्या सुतारांनी यासाठी एक विद्या जोपासली. तिकडे तिला 'त्रे' म्हणतात. मोठी सपाट जमीन घ्यायची आणि तिच्यावर सूत मारून छपराचं चित्र खऱ्या मापात काढायचं. वरून दिसणारं, समोरून दिसणारं, बाजूने दिसणारं, सगळी चित्रं एकमेकांत गुंतलेली. मग हवी ती तिरकी पातळी, दार बिजागरीवर फिरवावं तशी, मनातल्या मनात फिरवून जमिनीवर आडवी पाडायची. ती आडवी झाली की तिच्यातली खरी लांबी आणि खरा कोन उघडा पडतो. आकडेमोड नाही, कोष्टकं नाहीत. दोरी, कंपास आणि गुण्या एवढ्यावर कोनवाशाचे ते ३० आणि ३५.२६ अंश जमिनीवर उमटतात, आणि सुताराला ते आकडे म्हणून माहीत असण्याचीही गरज पडत नाही. २००९ मध्ये युनेस्कोने या विद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने पाथरवटांच्या आणि सुतारांच्या या आखणीला शास्त्राचं रूप दिलं. किल्ले बांधताना तिचा इतका उपयोग होता की मेझिएरच्या लष्करी शाळेत ती बरीच वर्षं गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्याला ती उघडपणे शिकवता आली. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला जे प्रक्षेप घासून घेतात, ते तिथूनच आले. आज पडद्यावर मॉडेल फिरवून आपण हवा तो पृष्ठभाग समोर आणतो आणि त्याच्यावरचं माप घेतो, तेव्हा आत तेच चाललेलं असतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या वंशावळीत सुतार आहेत.

या वंशावळीला पुढे एक फाटा फुटला, आणि मला वाटतं आजच्या सॉफ्टवेअरचं बळ आणि त्याची अडचण दोन्ही त्या फाट्यावर कळतात.

फ्रेंच पद्धतीत जमिनीवरच्या चित्रावर खरी लाकडं रचली जातात. प्रत्येक लाकूड आपापल्या रेषेवर. एकमेकांना छेदणारी एकावर एक. मग ओळंबा सोडून वरच्या लाकडाचा नेमका आकार, त्याच्या फुगवट्यासकट आणि खळग्यासकट, खालच्यावर उतरवायचा. लाकूड वाकडं असलं तरी बिघडत नाही, कारण कूस आणि खाच त्या दोन लाकडांच्या त्या एका भेटीसाठीच मापलेली असतात. तिसऱ्या कैचीचा डावा वासा चौथ्या कैचीत बसायचा नाही. म्हणून सुतार प्रत्येक लाकडावर पटाशीने खूण कोरत. आज इमारतींची मॉडेलं साठवण्याच्या आयएफसी पद्धतीत प्रत्येक घटकाला २२ अक्षरांची एकमेव खूण मिळते. काम तेच आहे, कुठलं लाकूड कुठलं हे विसरू न देणं.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुतारांनी वेगळी वाट धरली. त्यांनी म्हटलं, कुऱ्हाडीने तासलेल्या या वेड्यावाकड्या ओंडक्याच्या आत एक अगदी सरळ, काटकोनी, नेमक्या मापाचं लाकूड लपलेलं आहे असं धरून चालू. जिथे सांधा येतो तेवढ्याच जागी वरचं लाकूड काढून त्या आतल्या लाकडापर्यंत पोहोचू. बाकीच्या अंगाला हात लावायचा नाही. आता सगळे सांधे त्या कल्पित लाकडाच्या मापाने कापता येतात. एक वासा दुसऱ्याच्या जागी चालतो. जमिनीवर चित्र नको, रचून बघणं नको. जोडणी एकदम जागेवर. केवढी धाडसी कल्पना आहे ही! जे डोळ्यांना दिसत नाही ते परिपूर्ण लाकूड खरं मानायचं आणि जे हाताला लागतं ते त्याच्यावरचं वेष्टण.

सॉफ्टवेअरने हीच वाट उचलली. अक्षरेषा, छेद आणि फिरवण्याचा कोन म्हणजे तेच कल्पित लाकूड. बव्हेरियातल्या हुंडेगरसारख्या कंपन्यांनी १९८०च्या दशकापासून संगणकाच्या आज्ञेवर सांधे कापणारी यंत्रं आणली. मॉडेलमधून यंत्राकडे माहिती नेणारी बीटीएल ही मांडणी पाहिली तर गंमत वाटते. तिच्यात प्रत्येक लाकडाच्या चार बाजूंना क्रमांक असतात आणि पुढे आज्ञा: तिसऱ्या बाजूवर, टोकापासून इतक्या मिलिमीटरवर, इतक्या कोनात, इतक्या लांबीची आणि खोलीची खाच. यंत्राला एवढं पुरतं, पण लाकूड मात्र खरोखरच सरळ आणि चौकोनी लागतं. गिरणीतून रंधून, वाळवून आलेलं, नाहीतर पट्ट्या चिकटवून बनवलेलं. कल्पित लाकडावर वेष्टण उरलंच नाही. कैच्या भराभर तयार होऊ लागल्या, सांधे घोटीव बसू लागले, आणि वाकड्या झाडाचा भाव जळणाइतका झाला.

अशा काळात, १५ एप्रिल २०१९च्या संध्याकाळी, पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं छप्पर पेटलं. दगडी कमानींच्या वरचा तो लाकडी सांगाडा लोक 'जंगल' म्हणून ओळखत. लांबी १०० मीटरहून जास्त, मुख्य दालनावर रुंदी १३ मीटर, उंची १० मीटर. त्यातली ओकची लाकडं बहुतांशी बाराव्या-तेराव्या शतकातली. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युकने उभारलेला मनोरा आणि हे जंगल, दोन्ही एका रात्रीत गेलं.

वाचल्या होत्या त्या नोंदी. अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कला-इतिहासकाराने २०१०च्या सुमारास लेसरने चर्चचं मोजमाप केलं होतं: पन्नासहून जास्त ठिकाणी यंत्र ठेवून एक अब्जाहून जास्त बिंदू. आगीच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१८मध्ये तो वारला. आणि रेमी फ्रोमाँ व सेद्रिक त्रांतेसो या दोन वास्तुतज्ज्ञांनी २०१४पर्यंत त्या अंधाऱ्या माळ्यावर वावरून लाकडी सांगाड्याचं सविस्तर सर्वेक्षण केलं होतं, कैच्या मापून कागदावर उतरवल्या होत्या. पुढे पुनर्बांधणीच्या प्रमुख वास्तुविशारदांपैकी फ्रोमाँ एक झाला.

या दोन्ही प्रकारच्या नोंदींची गरज का होती, हे समजून घेण्यासारखं आहे. लेसरचा बिंदू इतकंच सांगतो की इथे कुठेतरी प्रकाश आपटून परतला. अब्ज बिंदूंच्या ढगाला लाकूड माहीत नसतं, वासा माहीत नसतो. कुठले बिंदू कुठल्या लाकडाचे, हे माणसाला किंवा माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला ठरवावं लागतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की लेसरला फक्त वरचं अंग दिसतं. कूस खाचेच्या आत असते. आठशे वर्षांपूर्वी कुणी ती किती लांब केली, खुंटी कुठून मारली, हे बाहेरून फक्त सांध्याची बारीक रेघ आणि खुंटीचं गोल तोंड बघून ताडावं लागतं. ज्याला सुतारकाम कळतं त्यालाच त्या रेघेतून आतला आकार दिसतो. जळण्यापूर्वी ती रेघ कुणीतरी जाणत्या नजरेने पाहून ठेवली होती, हे आपलं भाग्य.

जुलै २०२०मध्ये ठरलं की छप्पर आणि मनोरा होता तसाच, त्याच लाकडाचा करायचा. अनेकांना हा हट्ट वाटला. पोलाद आहे, काँक्रीट आहे, चिकटवलेलं लाकूड आहे, मग हे कशासाठी? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'सीमेपलीकडचे सुतार' या अर्थाच्या नावाच्या एका संघटनेने मुख्य दालनाची सात नंबरची कैची कुऱ्हाडीने तासलेल्या ओल्या ओकमधून पूर्ण मापात करून चर्चसमोरच्या चौकात उभी केली. प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर देता आलं नसतं.

मनोऱ्यासकट सगळ्या कामाला सुमारे २,००० ओक लागले. मुख्य दालनाच्या कैच्या नॉर्मंडीतल्या एका कार्यशाळेत झाल्या, वेदीकडच्या भागाच्या आंजू प्रांतातल्या दुसऱ्या एका कार्यशाळेत. आणि इथे अमेरिकन वाट चालली नाही. भिंती एकमेकींना काटेकोर समांतर नाहीत, जुन्या कैच्यांत एकीसारखी दुसरी नव्हती, आणि लाकडं करवतीने न कापता ओंडक्याच्या रेषा धरून कुऱ्हाडीने तासायची होती, म्हणजे झाड जसं वळलं तसं लाकूड थोडं वळणार, शेंड्याकडे थोडं निमुळतं होणार. त्यात तंतू मध्येच तुटत नाहीत, म्हणून त्याचं बळ टिकतं. असं लाकूड अक्षरेषा आणि छेदात बसत नाही. म्हणून मोजमापं संगणकात एकत्र आली, कैच्यांची रेखाटनं पक्की झाली आणि मग ती रेखाटनं पुन्हा खऱ्या मापात कार्यशाळेच्या जमिनीवर उतरली. त्यांच्यावर लाकडं रचली गेली, ओळंबे सुटले, खुणा झाल्या. मॉडेलने कैचीचा हेतू सांभाळला. दोन लाकडांची भेट मात्र जमिनीवर, त्या त्या लाकडाच्या अंगावर ठरली. २०२४च्या सुरुवातीला दोन्ही भागांचा सांगाडा पूर्ण झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चर्च उघडलं.

ओल्या लाकडाच्या सुतारकामातली खुंटी हा माझ्या मते सगळ्या सांध्यांतला सर्वांत हुशार तुकडा आहे. कूस खाचेत बसवली की दोन्हींतून आरपार एक भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची, एवढं मॉडेलमध्ये दिसतं. जुने सुतार ती दोन भोकं एका रेषेत पाडतच नाहीत. कुसेतलं भोक मुद्दाम दोनतीन मिलिमीटर आतल्या बाजूला, कुसेच्या मुळाकडे सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती त्या वाकड्या वाटेने जाताना किंचित वाकते आणि कुसेला खाचेत खेचून घट्ट बसवते. ओलं लाकूड पुढे वर्षानुवर्षं वाळत जातं. लांबीत ते जवळपास आकसत नाही, पण जाडी-रुंदीत काही टक्क्यांनी आकसतं; वीतभर जाडीच्या ओकमध्ये तो फरक मिलिमीटरांत मोजता येतो. त्या आकसण्यात सांधा ढिला पडू पाहतो आणि वाकलेली खुंटी त्याला ओढून ठेवते. बहुतेक मॉडेलांत ही दोन भोकं एका सरळ रेषेत काढलेली असतात, आणि सॉफ्टवेअरची टकरावाची तपासणी तर सरकवलेली भोकं पाहून खुंटी लाकडात घुसते आहे अशी चूक दाखवील. मॉडेल म्हणजे लाकडाचा एकच क्षण, बसवलेल्या दिवसाचा. सुताराच्या हिशेबात पुढची वर्षं धरलेली असतात.

आता सॉफ्टवेअरही वाकड्या लाकडाकडे वळू लागलं आहे. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या शाळेचं इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात हूक पार्क नावाचं जंगल आहे. तिथे विद्यार्थ्यांनी २०१६मध्ये लाकडाच्या चिपा साठवायला एक कोठार बांधलं. त्याची मोठी कमानदार कैची बीच झाडांच्या बेचक्यांची आहे. झाड जिथे दुभंगून दोन फांद्या होतात ते बेचकं गिरणीच्या दृष्टीने टाकाऊ. पण तिथे झाडाने स्वतःच एक सांधा वाढवलेला असतो. दोन्ही फांद्यांचे तंतू खोडाच्या तंतूंत विणलेले असतात, आणि वाऱ्यात दोन जड फांद्या पेलायचं काम त्याने वर्षानुवर्षं केलेलं असतं. जहाजं बांधणारे सुतार पूर्वी वाकडे ओक शोधत हिंडत ते याच कारणाने.

हूक पार्कच्या विद्यार्थ्यांनी आधी उभ्या झाडांचे फोटो काढून बेचक्यांची यादी केली, निवडक झाडं पाडून प्रत्येक बेचक्याचं त्रिमितीय स्कॅन घेतलं आणि मग उलटा प्रश्न संगणकापुढे ठेवला. नेहमी कैची ठरते आणि तिच्या मापाचं लाकूड कापलं जातं. इथे लाकडं ठरलेली होती. संगणकाने त्यांची अदलाबदल करत, फिरवत, सरकवत अशी रचना शोधली की सगळी मिळून हव्या त्या कमानीच्या जवळात जवळ जातील. रोबोच्या हाताने फक्त टोकांना, जिथे एक बेचकं दुसऱ्याला भिडतं तिथे, खाचा कापल्या. मधलं अंग झाडाने जसं दिलं तसंच राहिलं. कैचीत अशी २० बेचकी आहेत. एकही दुसऱ्याच्या मापाचं नाही, आणि त्यांच्या टोकांना कापलेला एकही सांधा दुसऱ्या जागी बसायचा नाही.